रुग्णालयाचे नियामक मंडळ : मान आणि उत्तरदायित्व

धर्मादाय रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापाशी बहुधा एक संगमरवरी पाटी असते. तिच्यावर संस्थेच्या नियामक मंडळाच्या सदस्यांची नावे कोरलेली असतात. त्यांत एखादे बिशप असतात, धर्मसंघाच्या प्रांताधिकारी भगिनी असतात, एखादे वकील, एखादे निवृत्त बँक अधिकारी, एखादे नामवंत डॉक्टर आणि एखाद्या दानशूर घराण्यातील प्रतिनिधी असतात. घरच्या आजारी माणसाला घेऊन आपण आत जातो तेव्हा त्या पाटीकडे पाहण्याची उसंत कोणाला असणार? आपल्याला डॉक्टर हवा असतो, खाट हवी असते आणि बिल किती होईल याची धास्ती असते. परंतु आत आपल्या रुग्णाची शुश्रूषा कशी होईल, हे काही अंशी त्या पाटीवरील मंडळींनी बंद दाराआड कोणते प्रश्न विचारले यावर अवलंबून असते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक सुशिक्षित बंधुभगिनींना अशा मंडळांवर सेवा करण्यासाठी पाचारण केले जाते. निमंत्रण आले की अभिनंदन होते, शाल-श्रीफळ होते. त्या खुर्चीवर बसून नेमके काय करावयाचे, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते. म्हणून नियामक मंडळ व्यवस्थापनावर देखरेख कशी ठेवते, रुग्णालयाची कामगिरी कशी तपासते आणि ही देखरेख ढिली पडली तर काय होते, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

चालवणे आणि पाहणे

रुग्णालयात दोन वेगवेगळी कामे चालू असतात. पहिले काम रुग्णालय चालविण्याचे. ते मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा ॲडमिनिस्ट्रेटर, वैद्यकीय संचालक, मेट्रन, हिशेबनीस आणि त्यांचे सहकारी करतात. कोणत्या पाळीत किती परिचारिका असाव्यात, औषधे कोणाकडून घ्यावीत, बिघडलेले यंत्र केव्हा दुरुस्त करावे, हे ते ठरवितात. दुसरे काम हे सारे नीट चालले आहे की नाही ते पाहण्याचे. ते नियामक मंडळाचे. संस्था सार्वजनिक न्यास असो, नोंदणीकृत सोसायटी असो वा ना-नफा तत्त्वावरील कंपनी असो, अंतिम जबाबदारी विश्वस्तांची, सदस्यांची किंवा संचालकांची असते. व्यवस्थापन मंडळाला उत्तर देते. मंडळ कायद्याला, देणगीदारांना आणि समाजाला उत्तर देते.

या दोन कामांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. काही ठिकाणी मंडळाचे सदस्य रोजच्या कारभारात हात घालतात. आपल्या ओळखीच्या उमेदवाराला नोकरी द्यावी म्हणून फोन करतात, कॅन्टीनच्या कंत्राटावर तासभर चर्चा करतात, वॉर्डबॉयला परस्पर दटावतात. मग बिचाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरला आपला वरिष्ठ नेमका कोण, हेच समजेनासे होते. काही ठिकाणी याच्या उलट घडते. तीन महिन्यांतून एकदा सभा भरते, जाडजूड अहवाल मांडला जातो, अध्यक्ष ‘सर्वांना मान्य?’ असे विचारतात, माना डोलतात आणि चहा येतो. पहिला दोष उघड दिसतो, त्यामुळे त्यावर टीका तरी होते. दुसरा दोष सभ्यतेच्या वस्त्राखाली झाकलेला राहतो. आमच्या मते तोच अधिक घातक आहे.

मंडळाची मुख्य कामे सर्वत्र सारखीच आहेत. संस्थेचे ध्येय ठरविणे आणि ते जपणे. मुख्य अधिकाऱ्याची निवड करून त्याचे मूल्यमापन करणे, प्रसंगी त्याला दूर करणे. उपचारांचा दर्जा आणि रुग्णांची सुरक्षितता यांवर लक्ष ठेवणे. डॉक्टरांच्या पात्रतेची खातरजमा करणे. पैशाचे रक्षण करणे. आणि आपल्या स्वतःच्या कामाचीही वेळोवेळी तपासणी करणे. यांपैकी पैशाकडे मंडळाचे लक्ष सहज जाते, कारण सदस्यांना ताळेबंद वाचता येतो. रुग्णाकडे लक्ष आपोआप जात नाही. ते जाणीवपूर्वक द्यावे लागते. याची सर्वांत विदारक साक्ष इंग्लंडमधील एका रुग्णालयाने दिली आहे.

स्टॅफर्डचा धडा

इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालये ‘ट्रस्ट’ या नावाच्या संस्थांमार्फत चालविली जातात. प्रत्येक ट्रस्टला नियामक मंडळ असते. त्यात मुख्य कार्यकारी, अर्थ, वैद्यकीय आणि परिचर्या या विभागांचे प्रमुख असतात. त्यांच्या जोडीला, रुग्णालयाचे नोकर नसलेले असे बाहेरचे संचालकही असतात. बाहेरच्यांनी आतल्यांना प्रश्न विचारावेत, एवढ्याचसाठी ही रचना आहे. मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टचे मंडळही कागदोपत्री असेच होते. स्टॅफर्ड या मध्यम आकाराच्या गावातील रुग्णालय त्याच्या अखत्यारीत होते.

२००६-०७ या वर्षी या ट्रस्टने सुमारे १ कोटी पौंडांची बचत करण्याचे ठरविले. ही रक्कम त्याच्या वार्षिक उलाढालीच्या साधारण ८ टक्के होती. १५० हून अधिक पदे कमी करण्यात आली. त्याच काळात मंडळाला ‘फाउंडेशन ट्रस्ट’ हा अधिक स्वायत्ततेचा दर्जा मिळविण्याचे वेध लागले होते, आणि त्यासाठी आर्थिक शिस्त दाखविणे आवश्यक होते. फेब्रुवारी २००८ मध्ये तो दर्जा मिळाला. हिशेबाच्या दृष्टीने मंडळ यशस्वी झाले होते.

वॉर्डांतील चित्र निराळे होते. वृद्ध रुग्ण मलमूत्राने भिजलेल्या अंथरुणात तासन्‌तास पडून राहत. जेवणाचे ताट रुग्णाच्या हाताला येणार नाही असे ठेवले जाई आणि तसेच उचलले जाई. पिण्याचे पाणी वेळेवर मिळत नसे. अपघात विभागात आलेल्या रुग्णांपैकी कोणाला आधी पाहावे, याचा पहिला अंदाज वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी घेत. हृदयाचे ठोके दाखविणारी यंत्रे परिचारिकांना नीट वापरता येत नसल्याने काही वेळा बंद ठेवलेली आढळली. २००८ साली झालेल्या आढाव्यात सुमारे १२० परिचारिकांची उणीव असल्याचे दिसून आले.

मंडळाला हे कळण्याचे मार्ग नव्हते असे नाही. २००७ साली इंग्लंडमधील रुग्णालयांचे तौलनिक मृत्युदर प्रसिद्ध झाले. या मोजमापात रुग्णांचे वय, आजार इत्यादी गोष्टी लक्षात घेऊन किती मृत्यू अपेक्षित होते ते काढतात. अपेक्षेइतकेच मृत्यू झाले तर अंक १०० येतो. स्टॅफर्डचा अंक १२७ होता. मंडळाने काय केले? नोंदी लिहिण्याच्या पद्धतीत चूक असावी, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि ते ग्राह्य धरले गेले. नोंदींत चूक असणे अशक्य नव्हते. परंतु आकड्यांतील दोष शोधताना वॉर्डांतही काही दोष असेल का, हे पाहण्याची तसदी तेवढ्याच तत्परतेने घेतली गेली नाही. रुग्णांच्या नातेवाइकांच्या तक्रारी येत होत्या. मंडळापुढे प्रामुख्याने त्यांची संख्या येई. त्या तक्रारींमागचे दुःख सभागृहापर्यंत पोहोचत नसे. अपघात विभागातील एका परिचारिकेने धैर्य करून वरिष्ठांना गैरप्रकार कळविले, तर तिलाच सहकाऱ्यांचा रोष सोसावा लागला.

अखेरीस या रुग्णालयात आपली आई गमावलेल्या ज्युली बेली यांनी इतर पीडित कुटुंबांना एकत्र आणले. मार्च २००९ मध्ये आरोग्य आयोगाचा कठोर अहवाल आला. त्याच महिन्यात ट्रस्टच्या अध्यक्षा आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. पुढे विधिज्ञ रॉबर्ट फ्रान्सिस यांनी दोन चौकशा केल्या. दुसऱ्या चौकशीचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात २९० शिफारशी होत्या, आणि त्याच दिवशी पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये क्षमा मागितली. २०१४ साली तो ट्रस्टच बरखास्त झाला आणि स्टॅफर्डचे रुग्णालय नाव बदलून शेजारच्या मोठ्या ट्रस्टच्या हाती गेले. या काळात किती मृत्यू टळू शकले असते, याविषयी वृत्तपत्रांनी मोठमोठे आकडे छापले. फ्रान्सिस यांनी असे आकडे विश्वासार्ह मानले नाहीत. आपल्यालाही त्यांची गरज नाही. एका वृद्धेला पाणी मिळाले नाही, एवढे पुरेसे आहे.

फ्रान्सिस यांच्या अहवालांतील एक निरीक्षण प्रत्येक विश्वस्ताने लक्षात ठेवावे असे आहे. बाहेरून आलेले संचालक गंभीर गोष्टींपासूनही दूर राहिले. तो दैनंदिन कारभाराचा प्रश्न आहे, आपला नव्हे, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे चालवणे आणि पाहणे यांतील जो भेद आम्ही वर सांगितला, तोच तेथे न पाहण्याची सबब ठरला. मंडळाने वॉर्डातील काम स्वतः करू नये, हे खरे. पण वॉर्डात काय चालले आहे हे मंडळाला ठाऊक असलेच पाहिजे. आपल्याकडील म्हण तेथे अक्षरशः खरी ठरली : आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

आकडे कसे वाचावेत?

मग मंडळाने पाहावे तरी काय? चांगल्या मंडळापुढे दर सभेला एक-दोन पानांचा तक्ता येतो. त्यात रुग्णालयात आल्यावर जडलेले संसर्ग, औषध देण्यातील चुका, खाटेवरून किंवा न्हाणीघरात पडलेले रुग्ण, नव्याने झालेले बेडसोअर, घरी गेल्यावर ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल करावे लागलेले रुग्ण, अनपेक्षितपणे दुसऱ्यांदा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रिया, कॅज्युअल्टीत आल्यापासून डॉक्टरने पाहीपर्यंत लागलेला वेळ, मातामृत्यू आणि बालमृत्यू यांची नोंद असते. त्याच्या शेजारीच नोकरी सोडून गेलेल्या परिचारिकांची संख्या असते. परिचारिका भराभर सोडून जाऊ लागल्या, तर वॉर्डात काहीतरी बिनसले आहे याची ती बहुधा पहिली खूण असते.

हे आकडे वाचण्याची काही पथ्ये आहेत. पहिले पथ्य म्हणजे एकट्या महिन्याचा आकडा पाहू नये. एका महिन्यात तीन संसर्ग झाले आणि पुढच्या महिन्यात दोन झाले, तर त्यात आनंद मानण्याजोगे काही नाही. इतका चढउतार योगायोगानेही होतो. बारा किंवा चोवीस महिन्यांचा आलेख डोळ्यांसमोर ठेवला की रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते कळते. दुसरे पथ्य असे की, आकडा कशाच्या प्रमाणात आहे ते विचारावे. दोन संसर्ग वीस शस्त्रक्रियांमागे झाले की दोनशे शस्त्रक्रियांमागे, यात मोठे अंतर आहे. तिसरे, सरासरीवर विसंबू नये. कॅज्युअल्टीतील सरासरी वेळ वीस मिनिटे असू शकते. पण रविवारी रात्री आलेल्या रुग्णाला दोन तास थांबावे लागले असेल, तर ते सरासरीत बुडून जाते. चौथे पथ्य जरा विचित्र वाटेल : चुकांची नोंद शून्य असेल तर समाधान मानण्यापूर्वी थांबावे. शंभर खाटांच्या रुग्णालयात वर्षभरात औषधाची एकही चूक झाली नाही असे कोणी सांगितले, तर बहुधा चुका झाल्या नाहीत असे नसून त्या सांगण्याची कर्मचाऱ्यांना भीती वाटते, असे समजावे.

शिवाय तुलना हवी. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे आशिष झा आणि अर्नोल्ड एपस्टीन यांनी त्या देशातील ना-नफा रुग्णालयांच्या मंडळ-अध्यक्षांची पाहणी केली. ती २०१० साली ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उपचारांचा दर्जा हा आपल्या मंडळाच्या पहिल्या दोन अग्रक्रमांपैकी एक आहे, असे सांगणारे अध्यक्ष निम्म्यांहून कमी निघाले. याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. ज्या रुग्णालयांची कामगिरी प्रत्यक्ष मोजमापात खालच्या पातळीवर होती, त्यांच्या अध्यक्षांपैकी एकानेही आपले रुग्णालय इतरांहून मागे असल्याचे म्हटले नाही. ५८ टक्के अध्यक्षांना तर ते इतरांहून सरस वाटत होते. आपल्या लेकराचे नाक प्रत्येक आईला सरळच दिसते, तसलाच हा प्रकार. माया असावी, पण मोजपट्टी बाहेरची असावी.

आकड्यांच्या जोडीला माणूसही सभागृहात यावा लागतो. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रुव्हमेंट’ या संस्थेने २००६ साली सुरू केलेल्या मोहिमेत मंडळांना सुचविले की, सभेचा निदान चौथा हिस्सा वेळ दर्जा आणि सुरक्षितता यांना द्यावा, आणि रुग्णालयात इजा झालेल्या निदान एका रुग्णाची हकीकत मंडळाने ऐकावी. ही सूचना साधी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. दर सभेला एक तक्रारपत्र, रुग्णाचे नाव झाकून, जसेच्या तसे वाचून दाखविले, तरी सदस्यांना तक्त्यातील ‘तक्रारी : ११’ या नोंदीचा अर्थ उमगू लागतो.

डॉक्टरांची पात्रता

डॉक्टर हे आपल्या क्षेत्रातील तज्ज्ञ. त्यांना वकील किंवा बँक अधिकारी असलेल्या सदस्याने काय विचारावे, असा संकोच पुष्कळांना वाटतो. न्यायालयांनी मात्र हा संकोच सबब म्हणून मान्य केलेला नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९६० साली फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या एका महाविद्यालयीन तरुणाला चार्ल्सटन येथील रुग्णालयात प्लास्टर घालण्यात आले. ते फार आवळले गेले. बोटे सुजली, काळवंडली. त्याच्या वेदनांकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही, आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उपचार डॉक्टरांनी केले, रुग्णालयाने केवळ जागा आणि सोयी पुरविल्या, असा बचाव करण्यात आला. १९६५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. परिचारिकांनी धोका ओळखून वर कळविला पाहिजे, आणि रुग्णालयाने डॉक्टरांच्या कामावर देखरेख ठेवून गरज पडल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावयास लावले पाहिजे, ही जबाबदारी संस्थेवर येऊ शकते, असा त्या निकालाचा आशय होता.

तेव्हापासून मंडळांच्या कामात एका गोष्टीला फार महत्त्व आले. कोणता डॉक्टर आपल्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया करू शकेल, याची परवानगी वैद्यकीय समितीच्या शिफारशीनुसार रीतसर दिली जाते आणि ठरावीक मुदतीनंतर तिचे पुनरावलोकन होते. मंडळाने शस्त्रक्रियेचे तंत्र तपासावयाचे नसते. पदवी आणि नोंदणी पाहिली का, मागील दोन वर्षांतील परिणाम कसे आहेत, मोठ्या प्रॅक्टिसच्या डॉक्टरालाही तोच नियम लावला का, एवढे विचारण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही.

दानाचा पैसा

आता पैशाकडे वळू. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलेगेनी ही अनेक रुग्णालयांची ना-नफा संस्था जुलै १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्यावर सुमारे १३० कोटी डॉलरचे कर्ज होते. रुग्णालयांमागून रुग्णालये विकत घेण्याच्या महत्त्वाकांक्षेला मंडळाने लगाम घातला नव्हता. विशेष म्हणजे, देणगीदारांनी विशिष्ट कार्यासाठी राखून ठेवलेले निधीही खर्ची पडले होते. मंडळावर प्रतिष्ठित उद्योजकांची उणीव नव्हती. परंतु मंडळे अनेक, सदस्य अनेक आणि माहितीचा उगम एकच, तो म्हणजे स्वतः मुख्य कार्यकारी अधिकारी. अशा वेळी गर्दी असूनही पहारा नसतो.

म्हणून लेखापरीक्षकाने वर्षातून निदान एकदा व्यवस्थापनाच्या अनुपस्थितीत मंडळाशी बोलावे, राखीव निधीचा हिशेब स्वतंत्र मांडला जावा, आणि ज्या सदस्याचा औषधपुरवठ्याशी वा बांधकामाशी व्यावसायिक संबंध असेल त्याने तो जाहीर करून त्या विषयापुरते सभेबाहेर जावे, हे नियम सर्वत्र रूढ झाले आहेत. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेतही हाच विवेक आहे. प्रत्येक संस्थेला आर्थिक मंडळ किंवा निदान दोन सल्लागार असावेत असे १२८० वे कलम सांगते. व्यवस्थापकाने चांगल्या गृहस्थाच्या दक्षतेने काम करावे आणि वर्षाअखेरीस हिशेब द्यावा असे १२८४ वे कलम सांगते. भाविकांनी अर्पण केलेल्या मालमत्तेचा हिशेब भाविकांना द्यावा, असे १२८७ व्या कलमात आहे. तेव्हा आपल्या रुग्णालयाचा हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. तो चर्चच्या कायद्याचाच भाग आहे.

महाराष्ट्रात याला आणखी एक बाजू आहे. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, ती लागू असलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या असतात, आणि त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम स्वतंत्र निधीत टाकावयाची असते. या खाटा खरोखर भरल्या का, निधी खर्च झाला का, आणि दारात आलेल्या गरिबाला ही योजना कोणी सांगितली का, हे प्रश्न मंडळाच्या विषयपत्रिकेवर असावयास हवेत. धर्मादाय आयुक्तांची नोटीस आल्यावर ते आठवणे शोभणारे नाही.

आपल्या देशात

देखरेखीची गरज भारतात नवी नाही. १९९४ साली प्लेगची धास्ती पसरली असता इंदूरच्या महाराजा यशवंतराव या सरकारी रुग्णालयातील घाण आणि उंदीर यांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून अधिकारी आणि नागरिक यांची एकत्र समिती उभी राहिली. तीच पुढे ‘रोगी कल्याण समिती’ म्हणून गाजली. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही पद्धत देशभर नेली. महाराष्ट्रात आपण तिला रुग्ण कल्याण समिती म्हणून ओळखतो. रुग्णालयांना दर्जाचे प्रमाणपत्र देणारी ‘एनएबीएच’ ही राष्ट्रीय यंत्रणाही आपल्या मानकांत संस्थेच्या नियामकांच्या जबाबदाऱ्या स्पष्ट करून मागते.

या जबाबदारीचे गांभीर्य ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्यात दिसले. एएमआरआय या खासगी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि नव्वदच्या आसपास माणसे दगावली, बहुतेक गुदमरून. वाहनांसाठी असलेल्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठविल्याचा आरोप झाला. पोलिसांनी वॉर्डातील कर्मचाऱ्यांपुरतेच न थांबता संस्थेच्या अनेक संचालकांना अटक केली. अटक म्हणजे अपराध सिद्ध होणे नव्हे. परंतु ‘तळघरात काय ठेवले आहे, आम्हांस ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून मंडळाला आता सुटता येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी देशाला कळली. २०२१ साली भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्राने तेच दुःख अनुभवले. अग्निसुरक्षेची शेवटची तपासणी केव्हा झाली, तीत कोणते दोष निघाले आणि त्यांपैकी कोणते अजून तसेच आहेत, हे तीन प्रश्न वर्षातून दोनदा विचारण्यास पाच मिनिटे लागतात.

आपल्या कॅथलिक रुग्णालयांची म्हणून एक खास अडचण आहे. या देशातील कॅथलिक आरोग्यसेवा प्रामुख्याने धर्मभगिनींनी उभी केली. डॉक्टर असलेल्या सिस्टर मेरी ग्लाउरी यांनी १९४३ साली गुंटूर येथे कॅथलिक रुग्णालयांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. अनेक ठिकाणी आजही ॲडमिनिस्ट्रेटर, मेट्रन आणि मंडळातील काही सदस्य एकाच धर्मसंघाच्या, कधी एकाच मठात राहणाऱ्या भगिनी असतात. सकाळी एकत्र प्रार्थना केलेल्या भगिनीला दुपारी सभेत कठीण प्रश्न विचारणे अवघड जाते. त्यात अध्यक्षस्थानी बिशप महोदय असले तर आदरापोटी इतरही गप्प राहतात. यावर उपाय माणसे बदलण्याचा नाही. रीत बदलण्याचा आहे. मंडळात बाहेरचे, स्वतंत्र वृत्तीचे काही सदस्य असावेत, त्यांत निदान एक डॉक्टर आणि एक अनुभवी परिचारिका अशी असावी की जिची त्या रुग्णालयात नोकरी नाही. सदस्यत्वाला मुदत असावी. आणि अध्यक्षांनी प्रत्येक विषयाच्या शेवटी ‘सर्वांना मान्य?’ असे न विचारता ‘यात कोणाला काय खटकते?’ असे विचारावे. प्रश्नाचे हे एक वाक्य बदलले तरी सभेचा सूर बदलतो.

मुख्य अधिकाऱ्याचे मूल्यमापन

मंडळाच्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे मुख्य अधिकाऱ्याची निवड आणि त्याचे वार्षिक मूल्यमापन. वर्षाच्या आरंभी उद्दिष्टे लेखी ठरवावीत : संसर्गाचे प्रमाण किती खाली यावे, परिचारिकांच्या रिकाम्या जागा किती भराव्यात, निर्धन रुग्णांच्या खाटांचा वापर किती व्हावा, तूट किती मर्यादेत राहावी. वर्षाअखेरीस त्याच कागदावर बोट ठेवून बोलावे. केवळ उत्पन्न वाढले म्हणून शाबासकी दिली, तर अधिकारी उत्पन्नच वाढवील. त्यात त्याचा दोष नाही. मंडळ ज्याची विचारपूस करते, तेच व्यवस्थापन महत्त्वाचे मानते.

मात्र मूल्यमापन म्हणजे उलटतपासणी नव्हे. वाईट बातमी आणणाऱ्या अधिकाऱ्याला सभेत अपमानित केले, तर पुढच्या सभेला वाईट बातमी येणारच नाही. ‘हे तुम्ही आम्हांस सांगितले याबद्दल आभार, आता पुढे काय करावयाचे?’ अशी भाषा ज्या मंडळात बोलली जाते, तेथे सत्य लवकर पोहोचते. स्टॅफर्डनंतर इंग्लंडने २०१४ साली कायदाच केला की, उपचारांत गंभीर इजा झाल्यास रुग्णालयाने रुग्णाला वा त्याच्या कुटुंबाला स्वतःहून खरे सांगितले पाहिजे. सत्य सांगण्याचे बंधन जर रुग्णाप्रति असेल, तर ते मंडळाच्या दालनातही असले पाहिजे.

आपण काय करावे?

ज्यांना मंडळावर येण्याचे निमंत्रण मिळेल, त्यांनी ते स्वीकारण्यापूर्वी मागील तीन सभांची इतिवृत्ते मागून वाचावीत. त्यांत रुग्णांविषयी किती ओळी आहेत आणि इमारतीविषयी किती, हे मोजले तरी पुष्कळ कळेल. सदस्य झाल्यावर महिन्यातून एकदा, मेट्रनला सांगून, एखाद्या वॉर्डातून फेरी मारावी. आदेश देण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. जनरल वॉर्डात जावे, आणि शक्य तर संध्याकाळी उशिरा जावे. सभेला येणारा कागद आठवडाभर आधी मिळावा असा आग्रह धरावा. समजले नाही तर ‘मला समजले नाही’ असे मोकळेपणाने म्हणावे. बहुधा आणखी दोघांनाही ते समजलेले नसते.

आणि जे मंडळावर नाहीत, अशा आपण सर्वांनी काय करावे? रुग्णालयात चांगला अनुभव आला तर तो लिहून कळवावा. वाईट आला तर तोही, नेमका दिवस, वेळ आणि वॉर्ड यांसह, लेखी कळवावा. चर्चच्या आवारात कुजबुज केल्याने कोणाचेही भले होत नाही. पत्राचे उत्तर आले नाही तर मंडळाच्या अध्यक्षांस लिहावे. वार्षिक अहवाल मागावा. देणगी देताना तिचा विनियोग कसा झाला, हे वर्षाने विचारावे.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जखमी वाटसरूला त्याने उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेवली. येथपर्यंत आपण नेहमी ऐकतो. पुढचे मात्र सहसा कोणी अधोरेखित करीत नाही. मी परत येईन तेव्हा अधिक झालेला खर्च भरीन, असे त्याने सांगून ठेवले. मालकाने केलेल्या शुश्रूषेवर त्याने विश्वास टाकला, पैसे दिले, आणि तरीही परत येण्याचा शब्द दिला. रुग्णालयाच्या नियामक मंडळाचे काम हेच आहे. परत यावे, जखमी माणूस कसा आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि मग हिशेब करावा.